बीपीच्या चिठ्ठीवर भिंतीलाही जागा हवी

उच्च रक्तदाबाचे निदान झाले की आपल्याकडे रुग्णाला तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. मीठ कमी करा, रोज चाला आणि जोर लागेल असे काही करू नका. पहिल्या दोन सल्ल्यांविषयी वाद नाही. तिसऱ्यामागे खरी काळजी आहे, पण तो सरसकट सगळ्यांना दिला गेल्यामुळे एक उपयोगी व्यायाम रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही. सांधा न हलवता स्नायू आवळायचा आणि ठरावीक वेळ तसाच धरून ठेवायचा, असा हा व्यायाम. भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखे राहणे, कोपरांवर शरीर तोलून प्लँक धरणे, मुठीत हँडग्रिप दाबून ठेवणे ही त्याची ओळखीची रूपे. व्यायामशास्त्रात याला आयसोमेट्रिक म्हणतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले प्रयोग सांगतात की असा व्यायाम नियमाने आणि मोजून केला तर विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरतो, आणि चालण्या-धावण्याने उतरतो त्याहून तो कमी उतरत नाही, कदाचित थोडा जास्तच उतरतो. म्हणून रक्तदाबाच्या उपचारात या व्यायामाला चालण्याच्या शेजारी जागा मिळायला हवी, असे माझे म्हणणे आहे. ज्या कारणाने डॉक्टर त्याला बिचकतात, ते कारण नीट समजून घेतले तर तेच त्याच्या बाजूने उभे राहते.

भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या शरीरात दोन मिनिटांत काय घडते ते आधी पाहू. मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतो, गुडघा मात्र जागचा हलत नाही. चालताना स्नायू आवळतो आणि सैलावतो. सैलावला की रक्त आत शिरते, आवळला की ते शिरांतून हृदयाकडे ढकलले जाते. स्थिर ताणात ही उघडझाप बंद होते. बागेतल्या पाइपवर पाय ठेवावा तसा ताणलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या चेपून धरतो. पहिली पंधरा-वीस सेकंदे विशेष काही वाटत नाही. मग मांडीत ऊब येते आणि पाठोपाठ जळजळ सुरू होते. प्राणवायू पुरेसा पोहोचत नसल्याने लॅक्टेट, हायड्रोजन आयन, पोटॅशियम हे पदार्थ तिथेच साचतात. स्नायूतल्या बारीक मज्जातंतूंना हा साठा कळतो आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तदाबाच्या केंद्राला खबर देतात. तिथून उत्तर येते ते दाब वाढवण्याचे. हृदयाचे ठोके वाढतात, शरीराच्या इतर भागांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि चेपलेल्या वाहिन्यांतूनही थोडे रक्त आत घुसू लागते. मिनिटभराने पाय थरथरू लागतात, कारण थकत चाललेल्या स्नायुतंतूंच्या मदतीला शरीर नवे तंतुगट बोलावते आणि त्यांचे आवळणे पूर्वीसारखे एकसंध राहत नाही. चालताना वरचा दाब वाढतो आणि खालचा जवळपास तिथेच राहतो. इथे मात्र दोन्ही चढतात, आणि डॉक्टरांची भीती इथूनच सुरू होते.

स्नायूकडून वर जाणारी ही खबर प्रयोगाने सिद्ध झालेली आहे. १९३७ मध्ये आलम आणि स्मर्क यांनी माणसांवर केलेला प्रयोग साधा आणि बिनतोड होता. पट्टा आवळून अवयवाचा रक्तपुरवठा बंद केला आणि त्या अवयवाच्या स्नायूंना काम करायला लावले, तेव्हा दाब चढला. काम थांबवल्यावर तो उतरायला हवा होता. पण पट्टा आवळलेला होता तोवर तो चढाच राहिला आणि पट्टा सोडताच खाली आला. म्हणजे दाब वाढवण्याचे कारण नुसत्या श्रमात नव्हते, स्नायूत अडकून पडलेल्या पदार्थांत होते. पुढे १९६०च्या दशकात लिंड आणि मॅकनिकल यांनी मूठ दाबण्याच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवली. कमाल ताकदीच्या साधारण १५ टक्क्यांच्या आत जोर लावला तर दाब थोडा वाढून स्थिरावतो, त्याहून जास्त जोर धरून ठेवला तर मूठ सुटेपर्यंत तो चढतच जातो. आपण किती किलोचा जोर लावतो यापेक्षा तो आपल्या ताकदीच्या किती टक्के आहे, हे इथे महत्त्वाचे ठरते. म्हणूनच या व्यायामाची मात्रा ठरवता येते, आणि ज्याची मात्रा ठरवता येते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिता येते.

मग डॉक्टरांची भीती निराधार आहे का? अजिबात नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या दंडातल्या धमनीत नळी घालून, वजने उचलताना त्यांचा दाब थेट मोजला. १९८५ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला होता आणि एकाचा ४८०/३५० च्याही वर. हे वाचून कोणाही हृदयरोगतज्ज्ञाच्या पोटात गोळा यावा. पण त्या प्रयोगात वजन कमाल क्षमतेच्या जवळचे होते, ते पेलेनासे होईपर्यंत ढकलायचे होते, आणि अशा वेळी श्वास कोंडला जातोच. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि त्याची भर थेट धमन्यांतल्या दाबात पडते. हृदयाच्या रुग्णाने शौचाला कुंथू नये असे सांगतात ते याचसाठी. रक्तदाबासाठीच्या स्थिर व्यायामात जोर कमाल ताकदीच्या ३० टक्क्यांच्या आसपास असतो, श्वास चालू असतो, आणि दोन मिनिटे झाली की सोडायचे असते. दाब यातही चढतो, पण हळूहळू, आणि सोडल्यावर लवकरच खाली येतो. ज्यांना खरोखर धोका आहे ते रुग्ण डॉक्टरांना ओळखता येतात: १८०/११० च्या घरात असलेला, आटोक्यात न आलेला दाब, महाधमनीला आलेला फुगवटा, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, चालताना छातीत दुखणे, डोळ्याच्या पडद्यात झालेला रक्तस्राव. त्यांना हा व्यायाम देऊ नये. पण त्यांच्यासाठीची मनाई १४०-१५० च्या आसपास रेंगाळणाऱ्या, बाकी धडधाकट माणसावर लादण्याचे कारण मला दिसत नाही.

फायदा होतो तो ताण सोडल्यानंतर. चेपलेल्या वाहिन्या उघडतात, अडून राहिलेले रक्त लोंढ्याने आत येते, आणि त्या प्रवाहाचे घर्षण वाहिनीच्या आतल्या अस्तराला जाणवते. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, आणि त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दोन-दोन मिनिटांचे चार फेरे आणि मध्ये विसावा, असे आठ-दहा आठवडे चालले की वाहिन्यांची ही सैलावण्याची क्षमता वाढलेली काही प्रयोगांत दिसली आहे. काही अभ्यासांत ठोके धीमे ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढल्याच्या खुणा मिळाल्या, काहींत मिळाल्या नाहीत. कोणत्या बदलाचा वाटा किती, यावर शरीरशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. एवढे मात्र उघड आहे की ताण धरताना दाब चढतो म्हणूनच शरीराला जुळवून घ्यायला काहीतरी मिळते. जो चढ टाळायचा म्हणून हा व्यायाम बंद ठेवला जातो, तोच चढ मापात ठेवला तर उपचार बनतो.

परिणामाचे आकडेही तसेच बोलतात. अमेरिकेत रोनाल्ड वायली आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मूठ दाबण्याच्या व्यायामाने विश्रांतीचा दाब उतरल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून असे प्रयोग ठिकठिकाणी झाले. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायाम आणि रक्तदाब यांवरच्या २७० चाचण्या आणि १५,८२७ सहभागी एकत्र घेऊन केलेले विश्लेषण ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आले. चालणे, धावणे, सायकल अशा व्यायामांनी वरचा दाब सरासरी साडेचार मिलिमीटरने उतरला, वजनांच्या व्यायामानेही तेवढाच, दोन्ही मिळून सहा, आणि स्थिर व्यायामाने आठहून थोडा अधिक. खालचा दाब चारने. त्यातही वरचा दाब उतरवण्यात भिंतीला टेकून बसण्याचा व्यायाम सगळ्यांत पुढे निघाला. औषधांच्या चाचण्यांतून ठाऊक झालेले आहे की वरचा दाब पाच मिलिमीटरने उतरला तर हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण दहा टक्क्यांनी घटतात. व्यायामाने उतरलेल्या दाबाला हे गणित जसेच्या तसे लावता येणार नाही, पण किती उतारावर बोलणे चालले आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

या आकड्यांवर आक्षेप आहेत आणि ते घ्यायलाच हवेत. स्थिर व्यायामावरच्या चाचण्या संख्येने कमी आहेत, त्यातले गट लहान आहेत, आणि बहुतेक दोन-तीन महिन्यांत संपल्या. आपण भिंतीला टेकून बसलो आहोत हे सहभागी माणसाला कळतेच, त्यामुळे गोळीसारखी खोटी मात्रा देऊन तुलना करता येत नाही. चोवीस तास यंत्र बांधून मोजलेल्या दाबात फरक दवाखान्यातल्या मोजणीइतका ठळक आणि सातत्याने दिसत नाही. व्यायाम थांबवला की काही आठवड्यांत दाब पूर्वपदावर येतो. शिवाय या व्यायामाच्या नावाने एकदा मोठी फसगत झालेली आहे. १९५३ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या हेटिंगर आणि म्युलर यांनी दिवसातून एकदा सहा सेकंदांचा ताण पुरतो आणि आठवड्याला पाच टक्के ताकद वाढते असे लिहिले. त्यावरून १९६०च्या सुमाराला अमेरिकेत वेटलिफ्टिंगच्या जगात त्याचे वेड पसरले, तक्ते आणि लोखंडी चौकटी विकल्या गेल्या. ज्या खेळाडूंच्या प्रगतीचे दाखले दिले जात होते ते डायनाबोल हे स्टेरॉइड घेत होते, हे पुढे उघड झाले. म्हणून ‘आठ मिलिमीटर’ हा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये. मोठ्या आणि लांब चाचण्यांत तो खाली येईल अशी माझी अपेक्षा आहे. तरी तो निम्मा झाला तरी चालण्याच्या बरोबरीला राहतो, आणि चालणे तर आपण बिनतक्रार लिहून देतोच. २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने मूठ दाबण्याचा व्यायाम मात्रेसकट नोंदवला आणि युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने चालण्या-धावण्याला जोड म्हणून स्थिर व्यायामाला जागा दिली, ती हे सगळे आक्षेप माहीत असूनच.

मला सगळ्यांत वजनदार वाटतो तो आक्षेप वेगळा आहे. ताण धरल्याने दाब उतरत असेल, तर आयुष्यभर ताणच धरणाऱ्या कष्टकऱ्यांचा दाब का चढलेला सापडतो? मार्केट यार्डात पाठीवर पोते पेलणारा हमाल, डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन चढ चढणारी बाई, गर्दीच्या बसमध्ये पाय रोवून तिकिटे देणारा कंडक्टर, दिवसभर मान वाकवून मशीनवर बसलेला शिलाई कारागीर, या सगळ्यांचे स्नायू तासन्‌तास स्थिर ताणात असतात. डेन्मार्कमधले आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी याच कोड्यावर काम करत आले आहेत. कामावरचे श्रम आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम यांचा हृदयावर होणारा परिणाम सारखा नसतो, असे ते दाखवतात, आणि त्याची कारणे पटण्यासारखी आहेत. कामातला ताण तासन्‌तास चालतो, मध्ये पुरेसा विसावा मिळत नाही, कधी थांबायचे हे कामगाराच्या हातात नसते, आणि जड उचलण्याने व अवघडून राहण्याने चोवीस तासांचा सरासरी दाबच वर राहतो. व्यायामात दोन मिनिटांच्या ताणामागे एक ते चार मिनिटांचा विसावा असतो आणि दोन सत्रांमध्ये निदान एक दिवस मोकळा असतो. रक्तवाहिन्या सुधारतात त्या या मोकळ्या वेळात. त्यामुळे हमालाला भिंतीला टेकून बसायला सांगणे हे क्रूर आणि निरुपयोगी ठरेल. त्याच्या रक्तदाबावरचा इलाज म्हणजे हलके पोते, कामाच्या मधली सुटी आणि सावली. पोत्याचे वजन कमी ठेवण्याची हमाल संघटनांची जुनी मागणी ही आरोग्याचीही मागणी आहे, हे शरीरशास्त्राकडूनच कळते. हा आक्षेप व्यायामाच्या विरोधात जात नाही, पण तो कोणाला द्यायचा याची मर्यादा आखून देतो, आणि ती मर्यादा पाळली नाही तर आपण चुकीच्या माणसाला चुकीचा सल्ला देत राहू.

मग तो कोणाला द्यायचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष उच्च रक्तदाबाचे आढळले. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ ला आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत; स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. हे सगळे आळशी आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पदपथ नसलेल्या रस्त्याने, पहाटेच्या अंधारात, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांतून चालायला जा असे एखाद्या बाईला सांगायचे आणि ती गेली नाही तर तिला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंत मात्र असते. कुकरच्या शिट्या होईपर्यंतच्या वेळात दोन फेरे होतात. गुडघे दुखत असतील तर पूर्ण काटकोनात बसण्याची गरज नाही. पाठ भिंतीवर थोडी वर ठेवून गुडघ्याचा कोन मोठा राखला की भार कमी होतो, आणि तेही नको असेल तर हँडग्रिप आहे. यातून कोणी चालणे सोडून देईल ही भीती मला मान्य आहे. स्थिर व्यायामाने दम वाढत नाही, उष्मांक फारसे खर्च होत नाहीत, मधुमेही माणसाला चालण्याने मिळणारा लाभ त्यातून तसा मिळत नाही. म्हणून चिठ्ठीवर चालणे राहिलेच पाहिजे आणि हे त्याच्या खालच्या ओळीत यायला हवे. पण जो आज चालतच नाही, त्याच्याकडून सोडले जाण्यासारखे चालणे उरलेलेच नाही.

‘आमच्या आसनांत हे सगळे आधीच आहे’ असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. उत्कटासन आणि वीरभद्रासन धरून ठेवणे हा स्थिर ताणच आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी उभ्या आसनांत दीर्घकाळ थांबण्याची जी शिस्त घडवली, तिच्यात स्नायूंवर पडणारे काम थोडेथोडके नाही. पण आसने करतो म्हणणाऱ्या दोन माणसांपैकी एक दहा सेकंद थांबतो, दुसरा दोन मिनिटे. एक श्वास धरून ठेवतो, दुसरा सोडतो. आणि रक्तदाबावर काय झाले हे दोघेही पाहत नाहीत. या बाबतीत आपल्याच मातीतला एक चांगला आदर्श आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि आसनांच्या वेळी रक्तदाबाचे काय होते ते यंत्राने मोजून ‘योगमीमांसा’ या आपल्या त्रैमासिकात छापले. परंपरेवर श्रद्धा असूनही मोजल्याशिवाय बोलायचे नाही, हा त्यांचा बाणा आजच्या योगवर्गांनी उचलला तर वेगळे काही शोधायची गरज पडणार नाही. शिक्षकाने सेकंद मोजावेत, श्वास चालू आहे का ते पाहावे आणि रक्तदाबाचे यंत्र वर्गात ठेवावे.

आयुष्मान आरोग्य मंदिरांत आणि ‘आपला दवाखाना’त रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला महिन्यातून एकदा माणसे येतात. त्याच वेळी परिचारिकेला किंवा योगशिक्षकाला हा व्यायाम पाच मिनिटांत करून दाखवता येईल, आणि ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांची नावे डॉक्टरांना तिथेच बाजूला काढता येतील. यासाठी नवा निधी किंवा नवे यंत्र लागत नाही. आरोग्य विभागाने तसे परिपत्रक काढावे, आणि फॅमिली डॉक्टरांनी परिपत्रकाची वाट न पाहता सुरुवात करावी. वाचकांपैकी जे रक्तदाबाची गोळी घेतात त्यांनी ती स्वतःहून बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावे, आणि परवानगी मिळाली तर आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन मिनिटांचे चार फेरे करावेत. ताण धरलेला असताना तोंडाने आकडे मोजत राहावे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा डोके ठणकले तर तिथेच थांबावे. आठवड्यातून एकदा सकाळी, व्यायामाच्या आधी, पाच मिनिटे शांत बसून दाब मोजावा, वहीत लिहावा आणि दोन महिन्यांनी ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी.